सांगून दाखवलेले फोटो

कुणाच्याही घरी गेला की तो आधी माणसांकडं बघत नाही, खिडकीकडं बघतो.

बोलता बोलता समोरच्याला दंडाला धरून अर्धं पाऊल बाजूला घेतो. समोरच्याला वाटतं, माया आहे. याला फक्त त्याच्या तोंडावर उजेड हवा असतो.

भिंतीवर हार घातलेला फोटो दिसला की कोण वारलं हे विचारत नाही. फोटो कुणी काढला, हे विचारतो. यावरून दोन-तीन घरांत बोलणी खाल्ली आहेत.

कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घालत नाही. गळ्यात लिंगायतांचं लिंग आहे, त्याच्यावर कॅमेरा आपटू नये. म्हणून पट्टा कायम डाव्या खांद्यावर. तो खांदा आता थोडा उतरला आहे.

लेन्सची झाकणं खिशात टाकतो आणि विसरतो. बायको कपडे भिजवायला घेते तेव्हा ती सापडतात. त्यातली निम्मी दुसऱ्यांची असतात.

'छान' म्हणत नाही. फोटो आवडला तर 'हं' म्हणतो. नाही आवडला तरी 'हं'च म्हणतो. दुसरा 'हं' जरा लांब असतो.

काळजी वाटली की शर्टावरून लिंग चाचपतो.

आणि अलीकडची एक सवय. फोन टेबलावर ठेवताना उपडा ठेवतो. ही सवय कंधारच्या लग्नानंतरची.

श्रीशैल उस्तुरगेचा स्टुडिओ लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत आहे. खाली डाळीची आडत, वर स्टुडिओ. पासपोर्ट फोटो, साखरपुडे, बारशी यांवर त्याचं घर चालतं. रविवारी सकाळी तो शिकवतो. लातुरात शिकवणी म्हटलं की डॉक्टर-इंजिनिअरची, भिंतभर फ्लेक्सवर टॉपरांची तोंडं. त्याच्या शिकवणीत टॉपर नाही, कारण परीक्षाच नाही. कापड दुकानातले सेल्समन येतात, बँकेतल्या एक बाई येतात, किशनराव नावाचे निवृत्त ग्रामसेवक येतात. कुणाकडं नवा कोरा कॅमेरा असतो आणि त्याची भीती. कुणाकडं नुसता मोबाईल. सगळे सारख्याच चुका करतात. सूर्य माणसाच्या पाठीमागं ठेवतात आणि तोंड काळं आलं म्हणून कॅमेऱ्याला शिव्या देतात.

नवख्याच्या अंगावर उभं राहिलं की त्याचा हात कापतो, असं श्रीशैलचं म्हणणं. म्हणून त्यानं एक सोय केली होती. वर्गाचा एक कॅमेरा होता, तो हातोहात फिरायचा. तो कॅमेरा त्यानं वायफायनं आपल्या फोनला जोडून ठेवला होता. कुणी बटण दाबलं की फोटोची लहान प्रत आपोआप त्याच्या फोनवर येऊन पडायची. तो मागं स्टुलावर बसून बघायचा आणि तिथूनच बोलायचा. "सेल्समन, खाली बसा. लेकरू उभं न्हाई, तुम्ही उभं हाव." फोटो काढणाऱ्याला वाटायचं, ह्या माणसाला पाठीमागूनही दिसतं.

सोय चांगली होती. तिचाच घोर पुढं लागला.

रुखसार कंधारची. डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी लातुरात राहायला आली होती. दोनदा परीक्षा दिली, दोनदा नंबर हुकला. तिसऱ्यांदा फॉर्म भरायचा म्हणून पासपोर्ट फोटोला श्रीशैलकडं आली. फोटो काढून झाल्यावर उठली नाही.

"सर, ही छत्री उलटी का लावली?"

स्टुडिओतली पांढरी छत्री. इतक्या वर्षांत पासपोर्ट फोटोला आलेल्या कुणी हे विचारलं नव्हतं.

"उजेड सरळ तोंडावर मारला की तोंड घाबरतं," श्रीशैल म्हणाला. "आधी छत्रीवर मारायचा. मग तो समजून-उमजून तोंडावर येतो."

त्या रविवारी ती वर्गात होती. ओढणी घट्ट, वही मांडीवर, अगदी कडेला.

पहिला अभ्यास सगळ्यांना एकच असतो. घरातलं एक माणूस खिडकीजवळ बसवायचं आणि त्याचा फोटो काढायचा. पुढच्या रविवारी एकेकानं मोबाईल पुढं केला. रुखसारनं पर्स उघडलीच नाही.

"काढला न्हाईस का?"

"काढलाय सर. अम्मीचा हाय. अम्मी म्हणली, सरला दाखवू नको."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. श्रीशैलनं शर्टावरून लिंग चाचपलं.

"मग सांग," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"फोटो सांग. दाखवू नको. खिडकी कुठाय?"

"डाव्या हाताला."

"कुणाच्या डाव्या? तुझ्या का अम्मीच्या?"

रुखसारनं मोबाईल काढून स्वतःकडं वळवला. "माझ्या."

"नाकाची सावली कुठवर आली?"

"ओठाच्या कोपऱ्यापर्यंत."

"डोळ्यात उजेडाचा ठिपका हाय?"

"हाय." थांबली. "न्हाई सर. एकाच डोळ्यात हाय. दुसरा अंधारात गेला."

"मग अम्मीचं तोंड किती वळवायला पाहिजे होतं?"

तिनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "खिडकीतून शेजारणीनं हाक मारली असती तर जितकं वळलं असतं, तितकं."

"हं," श्रीशैल म्हणाला. आखूड.

त्या दिवसापासून त्यानं सगळ्यांनाच नियम लावला. आधी फोटो सांगायचा, मग दाखवायचा. किशनराव वैतागले. "सर, दाखवायला म्हणून तर एवढा महागाचा मोबाईल घेतला. सांगायचंच असंल तर मी आपलं पत्र लिहितो की!" वर्ग हसला. पण सांगता सांगता लोकांना आपल्याच फोटोतलं दिसायला लागलं. मागचा विजेचा खांब दिसायला लागला, कापलेले पाय दिसायला लागले. नियमाला एकच पोटनियम होता. आहे ते सांगायचं, पाहिजे होतं ते सांगायचं नाही.

रुखसारनं काढलेला माणसाचा एकही फोटो त्यानं पाहिला नव्हता. वर्गात ती कुंड्या आणि सायकली काढायची. माणसं ती घरी काढायची, आणि येऊन सांगायची. वर्षभरात तिचं सांगणं इतकं नेमकं झालं की श्रीशैलला तिची सगळी भावकी ओळखीची वाटू लागली. फुफीच्या, म्हणजे तिच्या आत्याच्या, कपाळावरचा व्रण त्याला माहीत होता. फुफी समोरून गेली असती तर त्यानं ओळखली नसती.

परीक्षेचा फॉर्म तिनं तिसऱ्यांदा भरला नाही. तिच्या वडिलांना, आसिफभाईंना, हे पटलं नव्हतं. कंधारला त्यांचं शिलाईचं दुकान. लग्नाच्या शेरवाण्या शिवण्यात त्यांचं नाव. शेरवाणीच्याच ओळखीतून मनतशा नावाच्या मुलीच्या लग्नाचं काम रुखसारला आलं. आसिफभाईंनी लेकीला सांगून टाकलं, "हे एक लग्न. नीट झालं तर पुढचं बोलू. न्हाईतर परीक्षेला बस, न्हाईतर मशीनवर बस."

मनतशाच्या घरात शब्द तिच्या आजीचा, रहमतबीचा. आजीनं दोन गोष्टी ठरवल्या होत्या. बायांच्या बाजूला पुरुष फोटोवाला येणार नाही. आणि मोबाईलही येणार नाही. मागं एका लग्नात पोरींच्या नाचाचा व्हिडिओ कुणीतरी बाहेर सोडला होता. तो गावभर फिरला, आणि त्यातल्या एकीचं ठरलेलं लग्न मोडलं. रहमतबी ते विसरली नव्हती. बायांच्या दाराशी तिनं वेताचं एक मोठं टोपलं ठेवून घेतलं. आत येणारीनं आपला मोबाईल टोपल्यात टाकायचा, मग चप्पल काढायची. फोटो एकाच कॅमेऱ्यात, एकाच मुलीच्या हातानं. आणि संध्याकाळी त्याचं कार्ड आजीच्या हातात. रुखसारला जवळ बाळगायला परवानगी होती ती तिच्या अम्मीच्या बटणांच्या फोनची. त्याला कॅमेरा नव्हता. अडलं तर सरांना विचारता यावं म्हणून.

श्रीशैल सकाळीच मोटारसायकलवर लातूरहून निघाला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याला घरी बसवेना. रुखसारकडं स्वतःचा कॅमेरा नव्हता. वर्गाचा कॅमेरा त्यानं कापडात गुंडाळून आणला होता. शादीखान्याच्या मागच्या दाराशी त्यानं तो तिच्या हातात दिला.

"सर, हात गार पडलेत."

"पडू दे. गार हात कमी हलतात."

ती हसली नाही. आत गेली.

शादीखाना दोन भागांचा. पुढं पुरुष, मागं बाया. मागच्या भिंतीला लागून एक लिंब होता. त्याच्याखाली त्यानं गाडी लावली. बॅटरी लागली, कार्ड अडकलं तर पोरीला लांब धावायला नको, म्हणून भिंतीच्या जितकं जवळ जाता येईल तितका तो गेला. आतून बायांचा कलकलाट येत होता, मधूनच ढोलकी.

वेळ काढायला त्यानं फोनवर बोलायला घेतलं. हे त्याचं दुसरं काम. बिलोलीचे, देगलूरचे लोक रविवारी लातूरला येऊ शकत नसत. त्यांच्यासाठी तो धडे बोलून ठेवत होता. खिडकी. सावली. भर उन्हातलं लग्न. हललेला हात. एकेक धडा तो पुन्हापुन्हा बोलायचा, मनासारखा होईपर्यंत. आठ झाले होते. नववा चेहऱ्याचा, तो झाला की सगळे एकदम पाठवायचे. ते सगळे त्या एका फोनमध्ये होते. कॉम्प्युटरवर उतरवायचे राहिले होते. फोटो दोन ठिकाणी ठेवा म्हणून वर्गाला दर रविवारी ओरडणारा हा माणूस.

"तर चेहरा," त्यानं सुरुवात केली. "चेहऱ्याचं असं आहे की..."

फोन थरथरला.

वर्गात फोन थरथरला की त्याचं बोट आपोआप जायचं. तसंच गेलं. पडदाभर फोटो उघडला.

त्याला आधी दिसला अंधार. मागं दिव्यांची झगमगती भिंत, आणि तिच्यापुढं बसलेल्या सगळ्यांची तोंडं काळी. कॅमेरा मागच्या उजेडाला भुलला होता. पिवळी ओढणी, मेंदीचे हात, बाकी सावल्या. 'उजेड वाढव की,' तो मनातल्या मनात म्हणाला. आणि मग त्याला कळलं की तो काय बघतोय.

त्यानं फोन छातीशी उपडा दाबला.

वर्गाचा कॅमेरा. जोडलेला. भिंत जवळ. छातीवर फोन पुन्हा थरथरला. पुन्हा. टोपल्यात दोनशे बायांचे मोबाईल पडून होते आणि भिंतीपलीकडचे फोटो त्याच्या छातीवर येऊन पडत होते.

त्यानं मान वळवून, डोळे अर्धे मिटून, अंगठ्यानं चाचपडत जोडणी बंद केली. थरथर थांबली. किती आले होते, त्यानं बघितलं नाही.

मग तो लिंबाला टेकला.  पुढच्या बाजूला शंभर-दोनशे पुरुष जेवत होते. परक्या गावात, परक्या लग्नात, बायांच्या भिंतीला चिकटून बसलेला लातूरचा एक माणूस, आणि त्याच्या फोनमध्ये हे. कुणी फोन मागितला तर? 'चुकून आलं' यावर कोण विश्वास ठेवेल? त्यानं स्वतः ठेवला असता का? आणि त्याचं काय व्हायचं ते होईल. त्या पोरीचं काय?

"सर!"

तो दचकला. आसिफभाई होते. हातात झाकलेलं ताट.

"असे काय बसलात, चोरावाणी? घ्या. भिऊ नका, आमच्या हंडीतलं न्हाई. आप्पाच्या खानावळीतून मागवलंय तुमच्यासाठी. धपाटे हायत, शेंगाची चटणी हाय."

"कशाला त्रास घेतला?"

"घ्या हो. पोरगी आत, तुम्ही उन्हात, अन् मी बिर्याणी खाऊन राहिलो. बरं दिसतं का?" आसिफभाई गाडीला टेकले. आवाज खाली आणला. "सर, खरं सांगू का, मलाच जेवण जाईना. पोरगी जिद्दी हाय. सगळे बघून राहिलेत, आसिफ लेकीला कुठं घेऊन चालला म्हणून. आज नीट झालं तर मी कुणाला भीत न्हाई. काही उलटंसुलटं झालं, तर तुम्हीच समजवा तिला. माझं ऐकायची न्हाई ती."

श्रीशैलनं मान हलवली. ताट मांडीवर होतं, फोन ताटाखाली.

"अन् फोन का असा लपवलाय? बायकोचा येतो का?" आसिफभाई हसत निघून गेले.

धपाटे तसेच राहिले.

आता त्याच्यापुढं दोन गोष्टी होत्या. आलेले फोटो पुसून टाकायचे आणि गप्प बसायचं. हे सोपं होतं. पण त्यानं पाहिलेला तो एक फोटो डोळ्यांपुढून जात नव्हता. सगळी तोंडं काळी. पोरगी घाबरलेली आहे, कॅमेऱ्यावरच्या लहान पडद्यात झगमगाट बघून फसली आहे. थोड्या वेळात नवरी उठेल, निरोपाची रडारड सुरू होईल. संध्याकाळी आजी फोटो बघेल, तेव्हा त्यात नात दिसणारच नाही.

त्यानं बटणांच्या फोनवर फोन लावला.

"बोला सर."

"फोटो सांग."

"आत्ता? मी..."

"एकच सांग. नवरीच्या मागं काय हाय?"

"लाइटांची भिंत. लई भारी दिसून राहिली सर."

"नवरीच्या डोळ्यात ठिपका हाय?"

ढोलकी ऐकू येत होती. मग तिचा आवाज. "थांबा, मोठा करून बघते." मग कॅमेऱ्याची बटणं दाबल्याचा आवाज. "सर. डोळेच न्हाईत. या अल्लाह. सगळ्याच फोटोत तोंड काळंय."

"घाबरू नको. दरवाजा कुठाय?"

"उजवीकडं. उघडा हाय."

"नवरीला दरवाजाकडं तोंड करून बसव. आजीला सांग, हवा येईल तिकडून. भिंतीकडं कॅमेरा धरू नको. उजेडाचा काटा दोन घर वाढव. काढ अन् सांग."

खट आवाज आला. पुन्हा खट.

"आला सर! दोन्ही डोळ्यांत आला!" तिचा श्वास ऐकू येत होता. "नथीची सावली गालावर पडलीय. लहान. सर, लई चांगला आलाय."

"हं," तो म्हणाला. हा हं त्याच्या नेहमीच्या दोन्ही हंपैकी नव्हता.

"सर, पण तुम्हाला कसं कळलं?"

इथं त्याला बोलता आलं असतं. लग्नात स्टेजमागं दिवे असतातच, अंदाज केला, असं म्हणता आलं असतं. तिनं ते मानलं असतं. तिचा त्याच्यावर तेवढा विश्वास होता. त्यानं शर्टावरून लिंग धरलं.

"रुखसार," तो म्हणाला, "तो कॅमेरा वर्गाचा हाय. माझ्या फोनला जोडलेला होता. मी काढायचं विसरलो. फोटो इकडं आले."

पलीकडं ढोलकी चालूच होती. 

"एक बघितला मी. नकळत उघडला. मग बंद केलं. बाकीचे न्हाई बघितले. पण ते फोनमधे हायत."

फोन कट झाला.

तो उभा राहिला. गाडीची किल्ली हातात घेतली, परत खिशात टाकली. पळून जाणं शक्य होतं. पण तो तिथंच उभा राहिला, मागच्या दाराकडं तोंड करून. अंगावर सगळं ऊन होतं.

दार उघडलं. आधी काठी आली, मग रहमतबी. पांढरी ओढणी, जाड चष्मा. तिच्यामागं रुखसार, कॅमेरा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. तिचे डोळे लाल होते. म्हणजे तिनं आजीला सांगितलं होतं. स्वतःहून. आपलं काम जाईल हे माहीत असून.

रहमतबी दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. दार मागं ओढून घेतलं.

"किती बघितले?"

"एक, आजी."

"कुणाचा?"

"ओळखता आलं न्हाई."

"डोळे हायत ना तुला? काय दिसलं ते बोल."

श्रीशैलनं रुखसारकडं बघितलं. ती खाली बघत होती. वर्षभर लोकांना विचारत आलेला प्रश्न आज त्याला विचारला होता. आहे ते सांगायचं.

"पिवळी ओढणी दिसली. मेंदीचे हात. मागं दिवे. तोंडं सगळी काळी आली होती, आजी. मी आधी तेच बघितलं. उजेड कमी पडलाय, एवढंच बघितलं. मग कळलं, अन् फोन पालथा केला."

रहमतबीनं चष्मा वर सरकवला.

"माझ्या नातीचं लग्न," ती म्हणाली, "सोन्यानं मढवली पोरीला. अन् याला अंधार दिसला."

रुखसारच्या तोंडून हसू की हुंदका, काहीतरी निघालं.

"तू हस नको. तुझं मग बघते," आजी म्हणाली. "फोन दे तिच्याजवळ."

त्यानं फोन दिला आणि पाठ फिरवली. लिंबाच्या खोडावर मुंग्यांची रांग होती. तो त्या रांगेकडं बघत राहिला. मागं रुखसारचा अंगठा पडद्यावर चालत होता.

"गया क्या सब?" आजीनं विचारलं.

"दिखने में गया, दादी."

"दिखने में मतलब?"

 श्रीशैलला उत्तर माहीत होतं. त्यानंच एका रविवारी सगळ्यांसमोर कार्डावरचे फोटो पुसून, कॉम्प्युटरला लावून परत आणून दाखवले होते. बँकेतल्या बाईंनी तोंडावर हात ठेवला होता. पुसलं म्हणजे गेलं नाही, तो म्हणाला होता. डोळ्याआड झालं, इतकंच.

"मतलब अंदर रहता, दादी. निकालनेवाला निकाल सकता," रुखसार म्हणाली. "पूरा फोन साफ करना पडता. जैसा दुकान से लाए, वैसा."

"तो कर."

रुखसारचा अंगठा थांबला. धड्यांचं तिला माहीत होतं. सावलीचा धडा तिनं वर्गात सगळ्यांच्या आधी ऐकला होता. एका वाक्याला अडखळलात म्हणून तिनंच तो पुन्हा बोलायला लावला होता.

"सर, धडे?"

श्रीशैल वळला. आठ धडे. खिडकी, सावली, भर उन्हातलं लग्न. आत्ता लातूरला जाऊन उतरवून घेतो, असं म्हणता आलं असतं. पण तेवढा वेळ ते फोटो त्याच्या खिशात राहिले असते, आणि दाराशी बसलेल्या म्हातारीनं ते सहन का करावं?

"आण इकडं," तो म्हणाला.

फोननं विचारलं, सगळं जाईल, नक्की का? त्यानं हो म्हटलं. फोननं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा हो म्हटलं. पडदा काळा झाला. तिघंही त्याच्याकडं बघत राहिली. मग तो उजळला आणि त्यावर भाषांची नावं आली.

"आता काय मागतो?" रहमतबीनं विचारलं.

"कोणत्या भाषेत बोलू, म्हणतोय."

"म्हणजे काहीच राहिलं न्हाई त्याच्यात?"

"न्हाई, आजी. माझ्या बायकोचा नंबर पण न्हाई."

म्हातारी काठीवर जोर देऊन उठली. तिचं उठणं बराच वेळ चाललं. रुखसार कॅमेरा तिच्यापुढं धरून उभी होती. परत करायला धरावा तसा.

"मला काय देतीस?" आजी म्हणाली. "पोरगी अजून निरोपाला उठायची हाय. ते कोण काढणार, मी?" मग श्रीशैलकडं वळून, "अन् तू. ह्याची तार तोडली का, त्या डब्याशी?"

"कॅमेऱ्यातून पण तोडावी लागंल."

"मग तोड."

त्यानं हात पुढं केला नाही. कॅमेऱ्यात आतले फोटो होते. "रुखसार, मेन्यूत जा," तो म्हणाला. "खाली. अजून खाली. पान्याचं चित्र दिसलं का? त्यात दुसरं." तो सांगत गेला, ती करत गेली. "आता काय दिसतं?"

"बंद, म्हणतोय."

"हं."

"ही गोष्ट इथंच बसली," रहमतबी म्हणाली आणि रिकाम्या खुर्चीकडं काठीनं दाखवलं. "आसिफला पण न्हाई सांगायची. उगाच ब्लडप्रेशर वाढंल त्याचं." दार उघडलं, कलकलाट बाहेर आला, दोघी आत गेल्या, दार बंद झालं.

पुढचा सगळा वेळ श्रीशैल त्या लिंबाखाली नुसता बसून होता. फोनमध्ये कुणाचाही नंबर नव्हता. तिला काही विचारता येत नव्हतं, तिला काही सांगता येत नव्हतं. आजी संध्याकाळी काय म्हणेल, कुणी दाराआडून ऐकलं असेल का, सुरुवातीचे काळे फोटो किती होते. एकेक गोष्ट मनात उलटीपालटी होत राहिली. माणूस जवळून गेला की तो ताठ व्हायचा. गार झालेले धपाटे त्यानं शेवटी खाल्ले, आसिफभाईंनी ताट तसंच बघू नये म्हणून.

निरोपाची रडारड ऐकू आली. गाड्या निघाल्या. ऊन उतरल्यावर रुखसार मागच्या दारातून आली. कॅमेरा कापडात गुंडाळलेला, कार्ड काढून घेतलेलं.

"आजीनं बघितले?"

"हाव."

"काय म्हणल्या?"

"काहीच न्हाई. सुरुवातीचे काळे दाखवून विचारलं, 'तो बोलला ते हेच का?' मी हाव म्हणले. मग शेवटपर्यंत बघितले." तिनं डोळे पुसले. "बिलोलीला त्यांच्या बहिणीच्या घरी लग्न हाय. तिथं जाशील का, विचारलं."

श्रीशैलनं गुंडाळलेला कॅमेरा तिच्या हातातून घेतला. 

"एक सांगू, सर? निरोपाचा?"

"सांग."

"दरवाजातून उजेड आलाय. मनतशा उजेडाकडं तोंड करून हाय. दादीचा हात तिच्या डोक्यावर, हाताच्या शिरा दिसून राहिल्या. दादी मात्र माझ्याकडं बघतीय. सरळ कॅमेऱ्यात."

"ठिपका?"

"चष्म्यात हाय. पूर्ण दरवाजा आलाय चष्म्यात. दरवाजात मीच हाय, लहान."

हे सगळं होऊन आता बरेच महिने झाले. रुखसार बिलोलीला गेली, मग नांदेडला, मग कुठंकुठं. स्वतःचा कॅमेरा घेतला. तो कशालाही जोडलेला नाही. आसिफभाई दुकानात शेरवाणीचं माप घेता घेता विचारतात, बायांकडचे फोटो कोण काढतंय? लातुरात वर्ग चालू आहे. वर्गाच्या कॅमेऱ्याचे फोटो आता कुठंच आपोआप जात नाहीत. श्रीशैल अंगावर उभा राहतो आणि नवख्यांचे हात कापतात.

धडे त्यानं पुन्हा बोलायला घेतले. खिडकी झाली, सावली झाली. किशनराव म्हणतात, पहिल्यापेक्षा बरे झालेत. प्रत्येक धडा त्याच दिवशी तीन ठिकाणी ठेवला जातो. आठवा झाल्यालाही आता बरेच दिवस झाले. बिलोलीचे, देगलूरचे लोक विचारतात, नववा कधी येतोय? येतो, येतो, असं तो म्हणतो.

त्यानं एकदा नववा, तो चेहऱ्याचा, बोलायला घेतला होता. ते बोलणं त्याच्या फोनमध्ये आहे. आडतीवर पोती टाकल्याचा आवाज येतो. तो खाकरतो. "तर चेहरा," म्हणतो. "चेहऱ्याचं असं आहे की..." मग बराच वेळ खालच्या आडतीतली माणसं बोलत राहतात. मग फोन टेबलावर उपडा ठेवल्याचा आवाज येतो.